दीडशे मीटरवरची तीन अक्षरं

"ताई, त्यो कडंचा बघा. त्याच्या गळ्यात काय तरी हिरवं हाय."

नावाडीदादांनी वल्हं पाण्यात तसंच धरून ठेवलं. भिगवणजवळच्या कुंभारगावातून निघून आम्ही उजनीच्या फुगवट्यात अर्धा तास आत आलो होतो. समोर, अंदाजे दीडशे मीटरवर, चिखलाच्या पट्ट्यावर चाळीसेक पट्टकादंब बसले होते. हिमालय ओलांडून येणारे हे हंस, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले. मी सवयीने जुना निकॉन डी-९० उचलला, सत्तर-तीनशेची लेन्स पूर्ण पुढे नेली आणि चार फोटो काढले. स्क्रीनवर मोठं करून पाहिलं तर मानेभोवती हिरवा ठिपका होता, बस.

मग पिशवीतून दुसरा कॅमेरा काढला, निकॉनचाच कूलपिक्स पी-९००. बटण दाबताच नळी घुरघुरत बाहेर आली. होडी हलत होती, व्ह्यूफाइंडरमधला हंस डावी-उजवीकडे पळत होता. कोपरं फळीवर टेकवली, श्वास रोखला. पहिले दोन फोटो हलले. तिसऱ्यात हिरव्या गळपट्टीवरची तीन पांढरी अक्षरं स्वच्छ वाचता आली. मंगोलियात अशा गळपट्ट्या घातलेले पट्टकादंब भारतात दिसल्याच्या नोंदी आहेत. त्या अक्षरांमुळे कळपातला एक हंस माझ्यासाठी एकटा, वेगळा झाला. दादांनीही स्क्रीन हातात घेऊन ती अक्षरं दोनदा मोठ्याने वाचली.

मी बारामतीला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. पक्षी पाहायला आणि टिपायला लागून पंधरा वर्षं झाली. डी-९० हा २००८ सालचा कॅमेरा. व्हिडिओ काढणारा तो पहिला डीएसएलआर. १२.३ मेगापिक्सेल ऐकून आज विद्यार्थी माझ्याकडे दयेने पाहतात, त्यांच्या फोनमध्ये त्याहून जास्त असतात. पी-९०० आला २०१५ मध्ये. माझ्याकडे तो आला खांदा आखडला म्हणून. डी-९० बॅटरीसकट सातशे ग्रॅम, सत्तर-तीनशे लेन्स साडेसातशेच्या आसपास, जवळचं टिपायला आणखी एक लेन्स चारशेवीस ग्रॅमची. दोन किलोंना थोडंच कमी. पी-९०० सगळा मिळून नऊशे ग्रॅम. तेव्हा वाटलं होतं, आता जुना कपाटात जाईल. तसं झालं नाही, आणि का झालं नाही हे समजून घ्यायला मला वेळ लागला.

दुकानात पी-९०० ची ओळख करून देतात ती '८३ पट झूम' अशी. ऐकणाऱ्याला वाटतं, डोळ्याला दिसतं त्याच्या ८३ पट. तसं नाही. त्याची लेन्स २४ पासून २००० मिलिमीटरपर्यंत जाते, असं सांगतात. दोन हजारांना चोवीसने भागा, ८३ येतात. आपल्या नजरेच्या जवळ जाणारं दृश्य पन्नासच्या आसपास धरतात, त्या हिशेबाने झूम चाळीस पटींचा होतो. तोही थोडाथोडका नाही. आणि लेन्सवर नीट पाहिलं तर आकडे आणखी वेगळे दिसतात: ४.३ ते ३५७ मिलिमीटर. मग दोन हजार आले कुठून? सेन्सरच्या आकारातून. लेन्स जे चित्र आत पाडते, त्याचा किती तुकडा आपण उचलतो यावर सगळं आहे. पी-९०० चा सेन्सर हरभऱ्याच्या डाळीएवढा आहे, सुमारे सहा मिलिमीटर बाय साडेचार. डी-९० चा लहानशा टपाल तिकिटाएवढा, चोवीस बाय सोळाच्या जवळपास. क्षेत्रफळात तेरापट फरक. डाळीएवढा तुकडा उचलून तो पानभर पसरला, की लांबचं जवळ आल्यासारखं दिसतं.

इथे पुष्कळ जण थांबतात आणि म्हणतात, सेन्सर छोटा म्हणजे कॅमेरा डावा. मीही म्हणायचे. एका सुट्टीत वहीत भागाकार करून पाहिला, तेव्हा माझं मत बदललं. लेन्सचे मिलिमीटर भागिले तिचा एफ आकडा, म्हणजे उजेड आत घेणाऱ्या तोंडाची रुंदी. डी-९० वर ३०० ला एफ ५.६: तोंड साडेत्रेपन्न मिलिमीटर. पी-९०० वर ३५७ ला एफ ६.५: पंचावन्न. म्हणजे लांबच्या त्या हंसाकडून येणारा उजेड दोघांनाही सारखाच मिळतो! फरक वाटणीत आहे. डी-९० तो हंस थोड्या, मोठ्या ठिपक्यांवर टिपतो, पी-९०० बारीक बारीक ठिपक्यांवर. मी काढलेल्या हिशेबाने, दीड सेंटिमीटर उंचीचं अक्षर दीडशे मीटरवर असेल तर डी-९० त्याला उभे पाच-सहा ठिपके देतो, पी-९०० पंचविसाच्या वर. पाच ठिपक्यांत अक्षर ओळखता येत नाही. म्हणून तिथे हिरवा डाग होता आणि इथे नाव.

आता तोच भागाकार दुसऱ्या टोकाला करा. झूम पूर्ण मागे आणला, की पी-९०० चं तोंड दीड मिलिमीटर उरतं. डी-९० वर अठराची लेन्स एफ ३.५ ला असेल तर पाच मिलिमीटर. क्षेत्रफळ धरलं तर दहापटीहून जास्त उजेड. संध्याकाळी सूर्य पाण्याला टेकतो, रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, थवा एकदम उठतो, आणि आकाश, पाणी, पंखांतला गुलाबी रंग सगळं एका फ्रेममध्ये हवं असतं. अशा वेळी पी-९०० मधून येतं ते ओल्या बोटाने पुसल्यासारखं चित्र. आयएसओ वाढवला, की तो कॅमेरा चित्रात उठणारे दाणे झाकायला पिसंही सारवून टाकतो, आणि प्रक्रिया न केलेली रॉ फाइल देत नसल्यामुळे ती पिसं घरी संगणकावर परत मिळवता येत नाहीत. डी-९० वर १६०० आयएसओला दाणे दिसतात, पण पीस पीसच राहतं.

उडणाऱ्या पक्ष्याचं तर विचारूच नका. उजनीवर नदीसुरय मासा पाहून सूर मारतो, ते बघायला मी पहिल्या वर्षापासून वेडी आहे. पांढरा पक्षी वर थरथरत थांबतो, मग पंख मिटून दगडासारखा खाली. पी-९०० मध्ये मला तो अजून एकदाही सापडलेला नाही. एक तर त्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतो तो छोटा पडदा, आणि पडद्यावरचं दृश्य किंचित मागाहून येतं. दुसरं, त्याचा फोकस पुढे-मागे चाचपडत जागा शोधतो. तिसरं, सात फोटो धडाधड काढले, की ते कार्डावर उतरेपर्यंत कॅमेरा गप्प. डी-९० मध्ये आरसा असतो. लेन्समधून आलेला उजेड आरशावरून थेट माझ्या डोळ्यात येतो, मध्ये पडदा नाही. त्यातलाच थोडा खाली फोकसच्या सेन्सरकडे जातो, आणि तो सेन्सर लेन्सला पुढे जायचं की मागे हे पहिल्याच झटक्यात सांगतो. मग खटक्, आरसा वर, फोटो. अकरा फोकस बिंदूंचा हा म्हातारा कॅमेरा पडत्या सुरयाला अजून पकडतो. दहात दोनदा, पण पकडतो.

एवढं असूनही पी-९०० बद्दल मला खरी कृतज्ञता वाटते ती वेगळ्याच गोष्टीसाठी. सुरुवातीची पाच-सहा वर्षं लांबचं टिपायला माझ्याकडे फक्त तीनशेची लेन्स होती. फोटो फुटायचा, म्हणून मी म्हणायची, "दादा, अजून थोडं पुढे." आणखी थोडं. मग सगळा कळप उडायचा. हजारो किलोमीटर उडून आलेले, चिखलात जेमतेम विसावलेले पक्षी मी माझ्या एका फोटोसाठी उठवलेत, एकदा नाही, अनेकदा. ते मला आज सलतं. अजूनही हिवाळ्यात होड्या थव्यांच्या अंगावर नेल्या जातात, उडते रोहित हवेत म्हणून. दीडशे मीटरवरून पक्ष्याच्या डोळ्यातली चमक टिपता येत असेल, तर जवळ जायचं कारणच उरत नाही. पी-९०० आल्यापासून आमची होडी लांब थांबते, आणि कळप बसलेला असतानाच आम्ही परततो.

"मॅडम, कुठला घेऊ?" हे मला दर वर्षी कोणीतरी विचारतं. मी उलट विचारते, तुला पक्षी ओळखायचेत, नोंदी करायच्यात, की क्षण पकडायचाय? ओळखायचे असतील, खांदा, बजेट आणि बसचा प्रवास सांभाळायचा असेल, तर पी-९०० सारखा ब्रिज कॅमेरा. त्यातही जमलं तर २०२० चा पी-९५० बघ, झूम तेवढाच, पण रॉ मिळते. पी-१००० हा १२५ पटींचा आहे, तीन हजारांपर्यंत जातो, पण वजन चौदाशे ग्रॅम. मग माझं ते जुनं ओझं काय वाईट होतं? पहाट-संध्याकाळ, उडते पक्षी, घरातल्या माणसांचे चेहरे टिपायचे असतील, तर जुना डीएसएलआर घे. २०२० नंतर निकॉनने नवा डीएसएलआर काढलेला नाही, त्यामुळे चांगले कॅमेरे लोक विकून टाकतात. घेताना शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो निघालेत, ते मात्र नक्की विचार. डी-९० चं शटर एक लाख फोटोंसाठी तपासलेलं आहे, वीस हजार झालेला मिळाला तर नव्यासारखाच. वर एक पन्नासची एफ १.८ जोड, जुनी डी मालिकेतली चालते, कारण फोकसची मोटर बॉडीतच आहे. माझ्या आईचा शेवटचा चांगला फोटो मी त्याच लेन्सने काढला, स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या उजेडात, फ्लॅशशिवाय.

बॅटरीचंही लक्षात ठेवावं लागतं. डी-९० एका चार्जवर साडेआठशे फोटो देतो, पी-९०० तीनशेसाठ. दिवसभर पाण्यावर असताना हे जाणवतं.

ऊन तापलं, की मात्र दोघंही हरतात. साडेनऊ-दहानंतर चिखलावरची हवा थरथरायला लागते आणि जितका झूम जास्त तितकी ती थरथर मोठी दिसते. पी-९०० मधला हंस पाण्याखाली असल्यासारखा वाकतो. तेव्हा मी दोन्ही कॅमेरे पिशवीत घालते, दुर्बीण काढते आणि दादा थर्मासमधला चहा ओततात.

परवा रात्री त्यांचा फोन आला.

"ताई, हिरव्या पट्टीवाला आलाय. त्याच चिखलावर."

"अक्षरं दिसली का, दादा?"

"लांब होता. म्या जवळ न्हेली न्हाई होडी."

दोन्ही बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या आहेत. शनिवारी पहाटे पाचला निघायचं आहे.