बंदुकीच्या नळींतील मळी

बार उडाल्यावर रायफलीच्या नळींतून उजेडाकडे पाहिलें, तर आंतल्या पिळदार खांचांवर काळसर थर दिसतो आणि त्यांत मधूनमधून पिवळट दाणे चिकटलेले आढळतात. हे दाणे म्हणजे न जळलेली दारू. अमेरिकेंत रिकाम्या काडतुसांत घरींच पुन्हां दारू भरण्याचा छंद पुष्कळांना आहे. हे दाणे पाहून ते सचिंत होतात, आणि नळी गंजली कीं दोष या दाण्यांच्याच माथीं मारला जातो. वस्तुतः ज्या मळीनें कित्येक उत्तम रायफली नासल्या, ती डोळ्यांना दिसतच नाहीं.

जुन्या काळीं गोष्ट निराळी होती. सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू जळली म्हणजे तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायु न होतां घन राखेच्या रूपानें मागें उरतो. कोरड्या हवेंत ही राख कवचासारखी घट्ट बसते. तोंडाकडून भरावयाच्या बंदुकींत कांहीं बार झाले कीं गजानें ठोसूनहि गोळी खालीं उतरेना, अशी अवस्था होई. त्यावर उपाय म्हणून १८५३ च्या नमुन्याच्या एनफील्ड रायफलीच्या कागदी काडतुसाला वंगण लावीत. त्यानें मळी मऊ राही आणि गोळी सुलभपणें सरके. १८५७ च्या आरंभीं दमदमला ज्या काडतुसांविषयीं गाईडुकरांच्या चरबीची वार्ता उठली, तीं हींच. एवढा मोठा भडका ज्या वंगणावरून उडाला, त्याचें मूळ प्रयोजन नळींतील राख नरम ठेवणें हें होतें, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

१८८४ सालीं पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें बिनधुराची दारू सिद्ध केली. ती जळली म्हणजे जवळजवळ सारी वायुरूप होते. मग दाणे मागें कां राहतात? या दारूचा दाणा पृष्ठभागाकडून आंत, थराथरानें जळत जातो, आणि सभोंवतालचा दाब जितका अधिक तितका तो जलद जळतो. चुलींतील लांकडाप्रमाणें त्याला बाहेरच्या हवेची अपेक्षा नसते. लागणारा प्राणवायु त्याच्या पोटांतच असतो. वेग ठरवितो तो दाब. म्हणून दारू कमी पडली, गोळी फार हलकी असली किंवा काडतुसाच्या गळ्यांत सैल बसली, टोपीची ठिणगी दुबळी पडली, अथवा त्या रायफलीच्या मानानें दारू फारच मंद निवडली गेली, तर पुरेसा दाब सांचण्यापूर्वींच गोळी निसटते आणि उरलेले दाणे अर्धवट जळून विझतात. याची दुसरी खूण काडतुसावर सांपडते. पितळेचा गळा फुगून कोठीच्या भिंतीला घट्ट लागत नाहीं; त्यामुळें धूर मागें येतो व गळ्यावर बाहेरून काजळी बसते.

हे दाणे पुसले कीं जातात. पोलादाला त्यांची बाधा होत नाहीं. खरा धोका येतो तो अधीरपणानें. नळी स्वच्छ राहावी म्हणून कोणी दारू वाढवीत गेला आणि दारू बनविणाऱ्यांनीं छापलेल्या कोष्टकाची मर्यादा त्यानें ओलांडली, तर थोड्या वाढीबरोबर दाब झपाट्यानें चढतो, आणि पितळ फाटून तप्त वायु नेमबाजाच्या तोंडावर येऊं शकतो. त्यापेक्षां चार दाणे मागें राहिलेले केव्हांहि पत्करले.

गंजाचें कारण होतें टोपींत. तिच्यांतील स्फोटक मिश्रणांत पोटॅशियम क्लोरेट घालीत. ठिणगीसरशीं त्यांतला प्राणवायु निघून जातो आणि पोटॅशियम क्लोराइड हा क्षार उरतो. स्वयंपाकघरांतल्या मिठाचा हा सख्खा भाऊ. काळ्या दारूच्या दिवसांत तो राखेंत मिसळून जाई, आणि राख पाण्यानें धुण्याचा परिपाठ असल्यामुळें तिच्याबरोबर निघूनहि जाई. नवी दारू राख ठेवीना, तेव्हां तेलाचा बोळा पुरे असें पुष्कळांना वाटूं लागलें. पण हा क्षार तेलांत विरघळत नाहीं. हवेची आर्द्रता सुमारें ८४ टक्क्यांच्या वर गेली कीं तो तेलाखालूनहि पाणी ओढून घेतो. पावसाळ्यांत मिठाच्या बरणीला पाझर फुटतो, तसाच हा प्रकार. कोरड्या प्रदेशांत दीर्घकाळ चकचकीत राहणारी नळी कोंकणच्या आषाढांत पाहतां पाहतां तांबूस होते.

तरीहि दोष दारूलाच दिला जात होता. पोलादाच्या छिद्रांत शिरलेलें आम्ल मागाहून घामासारखें बाहेर येतें, अशी समजूत जाणत्या नेमबाजांतहि रूढ होती. १९२२ सालीं अमेरिकेच्या खाणखात्यांतील विल्बर्ट हफ यांनीं आपलें संशोधन प्रसिद्ध करून खरा अपराधी हा क्षारच असल्याचें दाखवून दिलें. त्या दशकांत क्लोरेटविरहित टोप्या जर्मनींत व अमेरिकेंत प्रचारांत आल्या, आणि आज बाजारांत मिळणारीं नवीं काडतुसें बहुधा त्याच जातीचीं असतात. फौजांनीं मात्र जुनी टोपी पुष्कळ वर्षें सोडली नाहीं. कोठारांत दीर्घकाळ पडूनहि ती भरंवशाची राहते, हें त्याचें कारण.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांतील शिल्लक काडतुसें वापरणाऱ्याला म्हणूनच ब्रिटिश फौजेची जुनी रीत पाळावी लागते: नरसाळ्यानें नळींत कढत पाणी ओतणें. क्षार थंड पाण्यांतहि विरघळतो. परंतु कढत पाण्यानें तापलेली नळी आपोआप सुकते. ती पूर्ण सुकल्यावरच तेलाचा बोळा फिरवावा, आणि दुसऱ्या दिवशीं पांढरें फडकें आंतून ओढून पाहावें. त्यावर तांबूस डाग उमटला, तर क्षार अजून आंत आहे आणि पाणी पुन्हां तापवावयास हवें.