दिवाळीआधीचे पाच रविवार

थंडीत एखाद्या पहाटे अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब परिसरात दवबिंदू गोठतात. गवतावर पांढरा थर दिसतो, त्याचे फोटो दुपारपर्यंत तुमच्या व्हॉट्सअॅपवर येतात आणि ऊन वर आलं की सगळं गायब! नंदुरबार जिल्ह्यातला बर्फ एवढाच. मग आइस हॉकीशी आपलं काय देणंघेणं?

आहे. जून 2025 मध्ये भारताच्या महिला आइस हॉकी संघाने यूएईतल्या अल ऐन इथे आशिया चषकात कांस्यपदक जिंकलं. संघातल्या बहुतेक मुली लडाखच्या. तिथल्या गावांत रात्री मैदानात पाणी सोडतात, सकाळपर्यंत ते गोठतं आणि त्यावरच खेळ रंगतो. हा नैसर्गिक बर्फ वर्षाला जेमतेम दोन महिने टिकतो. या संघाने 2016 मध्ये पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळली. 2017 मध्ये बँकॉकला फिलिपाइन्सला 4-3 असं हरवून पहिला विजय मिळवला. म्हणजे छोट्या सीझनमधूनही मोठं काही उभं राहतं, फक्त त्या सीझनमध्ये भरपूर सामने खेळायला हवेत.

आता आपल्याकडे बघा. आपलाही सीझन छोटाच. फरक इतकाच, की तो बर्फासोबत नाही, कोयत्यासोबत संपतो. दिवाळी झाली की धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याच्या पाड्यांवरून कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातची वाट धरतात. सोबत मुलंही जातात. कबड्डीत ज्याची चढाई कुणाला रोखता येत नव्हती, तो डिसेंबरात फडात मोळ्या बांधत असतो. शालेय क्रीडा स्पर्धांचा रस्ता तालुका, जिल्हा, विभाग आणि मग राज्य असा जातो. वयोगट 14, 17 आणि 19 वर्षांखालचे. जितकं पुढे जाल तितकी दिवाळी जवळ येते आणि नेमक्या त्याच वेळी घर बंद होतं.

दुसरी अडचण स्पर्धेच्या पद्धतीत आहे. तालुका-जिल्हा पातळीवर बहुतेक सांघिक सामने बाद पद्धतीने होतात. हरलात की पिशवी उचला आणि एसटी पकडा! दोन महिन्यांचा सराव एका सामन्यात संपतो. लीगमध्ये तसं होत नाही. आज हरलात तरी पुढच्या रविवारी पुन्हा मैदान आहे. खेळाडू घडतो तो हरल्यानंतरच्या या दुसऱ्या सामन्यात.

गणित सोपं आहे. आपल्या जिल्ह्यात सहा तालुके : नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी. प्रत्येकाचा एक संघ धरा. बाद पद्धतीने फक्त पाच सामने होतील आणि किमान दोन संघ एकच सामना खेळून घरी जातील. साखळी पद्धतीने पंधरा सामने होतात, प्रत्येक संघाला पाच. रोज तीन सामने ठेवले तर पाच रविवारांत लीग पूर्ण! पावसाने उघडीप दिल्यापासून दिवाळीपर्यंत एवढे रविवार नक्कीच मिळतात.

खर्च? कबड्डीला 13 बाय 10 मीटरची सपाट जागा आणि फक्की लागते. खो-खोला वर दोन खांब. खरा खर्च आहे तो येण्याजाण्याचा आणि मुलांच्या जेवणाचा. त्यासाठी गावातले व्यापारी, माजी विद्यार्थी यांना गाठावं लागेल.

आणि इथेच तुमचं काम सुरू होतं. तुम्ही कॉलेजात आहात, म्हणजे वेळापत्रक लावू शकता, गुणलेखन करू शकता, पंचांच्या परीक्षेला बसू शकता. पाड्यावरच्या ज्या मुलीला घरून पाठवत नाहीत, तिच्या आईशी तिच्याच बोलीत बोलू शकता. हे काम बाहेरून येणाऱ्या अधिकाऱ्याला जमणार नाही, तुम्हाला जमेल.

‘खेळून काय मिळणार?’ हा प्रश्न घरोघरी येतोच. उत्तर तयार ठेवा. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य जिंकलं. आपल्या नंदुरबारच्या किसन तडवीने लांब पल्ल्याच्या शर्यतीत नाव कमावलं, पण सरावासाठी त्याला नाशिक गाठावं लागलं. जानेवारी 2025 मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच.

लीगमुळे स्थलांतर थांबणार नाही, हे खरं. पण ‘हिला वसतिगृहात ठेवा, ही राज्याला खेळेल’ असं एखाद्या बापाला सांगायचं तर हातात काहीतरी हवं. एका सामन्याच्या जोरावर ते सांगता येत नाही, पाच सामन्यांच्या गुणपत्रिकेवर सांगता येतं.

लडाखची मुलं पाणी गोठायची वाट बघतात. आपलं मैदान तर तयारच आहे. कॅलेंडर काढा आणि दिवाळीपासून मागे पाच रविवार मोजा.