स्पितीच्या खोऱ्यात चाकांवरचे बिऱ्हाड

आपल्या कुटुंबांचा प्रवास बहुधा ठरलेला असतो. ऑक्टोबरात दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला चैत्यभूमी आणि मे महिन्यात गाव. अलीकडे वस्त्यावस्त्यांतून बुद्धगया, सारनाथ, कुशीनगरच्या सहलीही निघू लागल्या आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण बुद्धाच्या धम्माच्या खुणा जपणारे एक खोरे उत्तरेला अगदी तिबेटच्या सरहद्दीला लागून आहे आणि आपल्यापैकी फार थोडे लोक तिथे जातात. हिमाचल प्रदेशातील लाहौल-स्पिती जिल्ह्यातले ते स्पितीचे खोरे.

२०२४ च्या सप्टेंबरात आम्ही आठ जण तिथे जाऊन आलो. पाच मोठी माणसे, तीन मुले. कालकापर्यंत रेल्वे आणि पुढे एक भाड्याची मिनीबस. तिच्या मागच्या सीटा काढून फळ्यांचे बिछाने केलेले, कोपऱ्यात छोटा ओटा, पाण्याची दोन पिंपे आणि पडद्यामागे बादलीचा संडास. परदेशात अशी सजवलेली मोठी वाहने घेऊन लोक महिनामहिना हिंडतात. आपल्याकडेही महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. आमची मिनीबस त्या थाटाची नव्हती, पण आठ माणसांचे बिऱ्हाड तिच्यात मावले. आमच्यात एक एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले काका होते. त्यांनी ब्रेक, टायर आणि स्टेपनी स्वतः तपासल्याशिवाय गाडीला कालका सोडू दिले नाही.

असे जावे कसे, काय सांभाळावे आणि तिथून काय शिकून यावे, हे वाचकांना सांगावे म्हणून हा लेखप्रपंच.

खोरे कसे आहे

स्पिती म्हणजे ‘मधला प्रदेश’, भारत आणि तिबेट यांच्या मधला. शिमल्याहून रामपूर, रेकाँग पिओ, खाब, नाको, सुमदो, ताबो असे करत रस्ता काझा या मुख्य गावी पोहोचतो. अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. खाब येथे तिबेटातून आलेली सतलज आणि स्पिती नदी एकमेकींना मिळतात. तिथून पुढे झाडे संपतात. दोन्ही बाजूंना उघडेबोडके, मातकट डोंगर आणि खाली नदीची राखाडी रेघ. पावसाळी ढग मधल्या उंच रांगांनी अडवले जातात. म्हणून हे थंडीचे वाळवंट आहे. येथील शेती बर्फ वितळून येणाऱ्या पाण्यावर चालते. लोक डोंगरातून पाट काढून ते पाणी सातू, वाटाणा आणि बटाट्याच्या तुकड्यांपर्यंत आणतात. २०११ च्या जनगणनेत या संपूर्ण जिल्ह्याची लोकसंख्या ३१,५६४ होती. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या झोपडपट्टीत याहून जास्त माणसे राहतात.

सुमदोजवळून एक फाटा कौरिककडे, म्हणजे थेट सरहद्दीच्या दिशेने जातो. तिकडे सर्वसामान्य प्रवाशाने वळू नये. विदेशी नागरिकांना या मार्गावर परवाना लागतो. आपल्याला तो लागत नाही, पण ओळखपत्र प्रत्येकाच्या खिशात असावे. लष्कराच्या चौक्या आणि पूल यांचे फोटो काढू नयेत आणि चौकीच्या आसपास मुक्काम टाकू नये. जवान विचारपूस करतात ती त्यांची जबाबदारी म्हणून, हे मुलांना आधीच समजावून सांगावे.

वर चढताना घाई नको

काझा समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरहून उंच आहे. तिथे श्वासात मिळणारा प्राणवायू मुंबईच्या मानाने सुमारे दोन तृतीयांशच असतो. डोके दुखणे, मळमळणे, झोप न लागणे ही त्रासाची पहिली लक्षणे. अशा वेळी आणखी वर जाऊ नये. बसल्याजागी धाप लागली, खोकला वाढला, चाल अडखळू लागली किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावे. जीव वाचवणारा खरा उपाय तोच.

तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण नियम आहे. म्हणून आम्ही मनालीकडून न जाता शिमल्याकडून गेलो. मनालीच्या वाटेवर ४,५५१ मीटरचा कुंझुम घाट एकदम अंगावर येतो, शिवाय हिवाळ्यात तो बंदच असतो. आम्ही कल्पाला दोन रात्री काढल्या. पुढे नाको लागते, पण ते ताबोपेक्षा बरेच उंच आहे. तिथे चहा घेऊन आम्ही ताबोला उतरलो आणि झोपलो. मुलांना आणि वयस्करांना याचा फार फायदा झाला.

आता आपल्या घरच्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांमध्ये सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा उंचीचा बेत करूच नये. जे केवळ वाहक आहेत त्यांना एरवी काहीच त्रास नसतो, त्यामुळे अनेकांना आपण वाहक आहोत हेही ठाऊक नसते. पण उंचीवर प्राणवायू कमी पडला की काही वाहकांच्या प्लीहेचा रक्तपुरवठा अडतो आणि डाव्या बरगडीखाली असह्य दुखू लागते. हे पित्त किंवा गॅस समजून अंगावर काढू नये, ताबडतोब खाली उतरून दवाखाना गाठावा. साधी रक्ततपासणी सरकारी रुग्णालयात होते. आमच्यातल्या नागपूरच्या वहिनींनी निघण्यापूर्वी तिन्ही मुलांची तपासणी करवून घेतली होती.

गाडीतला संसार

उंचीवर पाणी लवकर उकळते, पण तितके तापत नाही. काझाला ते ८७-८८ अंशांच्या आसपासच उकळते. त्यामुळे पातेल्यात डाळ तासभर ठेवली तरी दाणा टणकच राहतो. कुकर हवाच. आम्ही मुगाची खिचडी, पिठले, भाजलेली कणीक, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ यांवर दिवस काढले. सुकट नेली होती, पण बंद गाडीत तिचा वास दोन दिवस हटला नाही.

स्वयंपाक नेहमी दार उघडे ठेवून किंवा गाडीबाहेर आडोशाला करावा. रात्री थंडी असह्य होते म्हणून गॅस, शेगडी किंवा कोळसा पेटता ठेवून बंद गाडीत कधीही झोपू नये. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेली माणसे झोपेतच जातात. खिडकी दोन बोटे उघडी ठेवावी आणि अंगावर एक गोधडी वाढवावी.

गाडी कुठे उभी करायची याचेही शास्त्र आहे. सुट्या दगडांच्या उताराखाली नको, वारा सुटला की दगड येतात. कोरड्या दिसणाऱ्या ओढ्याच्या पात्रात नको, दुपारी उन्हाने बर्फ वितळते आणि ओढा फुगतो. म्हणूनच रस्त्यावरचे ओढे सकाळीच ओलांडावेत. हिरवा तुकडा दिसला की तिथे गाडी घालण्याचा मोह होतो, पण तो कुणाच्या तरी जनावरांचा वर्षाचा चारा असतो. गावात जाऊन ‘जुले’ म्हणावे, घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे आणि ते दाखवतील तिथेच थांबावे. डिझेल रेकाँग पिओजवळ भरून घ्यावे, पुढचा भरवशाचा पंप काझालाच.

हिमालयातला अजिंठा

ताबोचा विहार इ. स. ९९६ मध्ये गुगेचा राजा येशे-ओ याने उभारला. आणखी अर्धशतकाच्या आत, १०४२ मध्ये त्याचा जीर्णोद्धार झाला. बाहेरून पाहिले तर मातीच्या जाड, बुटक्या भिंती. आत शिरले की अंधाराला डोळे सरावेपर्यंत काही दिसत नाही आणि मग भिंतीभर रंग उमटू लागतात. मध्ये वैरोचनाची मूर्ती आणि सभोवार भिंतीतून पुढे आल्यासारख्या मातीच्या मूर्ती. या भित्तिचित्रांमुळेच ताबोला हिमालयातला अजिंठा म्हणतात. अजिंठ्याच्या महाराष्ट्रातून आलो म्हटल्यावर तिथल्या भिक्खूंनी आमची आपुलकीने चौकशी केली. १९७५ च्या १९ जानेवारीला या भागात मोठा भूकंप झाला, त्यातूनही हा विहार टिकला. १९९६ मध्ये त्याला हजार वर्षे झाली तेव्हा दलाई लामा येथे आले होते. आत फोटो काढू देत नाहीत, तो नियम पाळावा.

त्यांची उपासनेची रीत आपल्याहून बरीच वेगळी आहे. मुलांनी त्यावर पुष्कळ प्रश्न विचारले आणि ते विचारू द्यावेत. हेही सांगितले पाहिजे की बौद्ध असलेल्या या खोऱ्यातही लोहार आणि वाजंत्री घराण्यांना खालचे मानण्याची जुनी चाल आहे. भिंतीवर बुद्ध असला म्हणजे मनातली उतरंड आपोआप मोडत नाही, एवढा धडा तिथूनही मिळतो.

घाण कुणी उचलायची?

गाडीत राहण्याच्या हौसेत एका गोष्टीबद्दल कुणी बोलत नाही, ती म्हणजे पडद्यामागची बादली. आठ माणसांची बादली दोन दिवसांत भरते. ती कुठे रिकामी करायची आणि कुणी?

अनेक प्रवासी रात्री नदीकाठी किंवा पाटाशेजारी ओतून मोकळे होतात. खालच्या गावातली बाई सकाळी त्याच पाटाचे पाणी भरते. भिक्खूंसाठी घालून दिलेल्या सेखिय नियमांत पाण्यात मलमूत्र करू नये, थुंकू नये, हिरव्या गवतावरही करू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी जे सांगितले गेले, ते मोटारीतून फिरणाऱ्या सुशिक्षितांना अजून उमगलेले नाही.

स्पितीच्या घरांतला संडास पाहण्यासारखा असतो. वर छोटी खोली, जमिनीला चौकोनी भोक आणि खाली बंद कोठी. प्रत्येक वापरानंतर वरून माती, राख किंवा सुके शेण टाकतात. हिवाळ्यात नळ गोठतात आणि पाणी मोजके असते, तिथे हाच उपाय चालतो. महिनोन्‌महिने कुजून त्याचे खत होते आणि वसंतात ते शेतात जाते.

‘कोरडा संडास’ हा शब्द ऐकताच आपल्या अंगावर काटा येतो, आणि तो यायलाच हवा. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचा मैला डोक्यावरून वाहायला लावलेली माणसे आपलीच आहेत. १९९३ च्या आणि नंतर २०१३ च्या कायद्याने ही प्रथा गुन्हा ठरवली, तरी आजही गटारात उतरून माणसे मरतात. मग स्पितीच्या त्या संडासात आणि आपल्याकडच्या पाटीच्या संडासात फरक काय? भोक तेच, कोठी तीच. फरक इतकाच की स्पितीत घरचे लोक आपल्या घरचे खत स्वतः उपसतात आणि स्वतःच्या शेतात नेतात. त्यासाठी जन्माने नेमलेला दुसरा माणूस नसतो. घाण ही घाणच आहे. ती माणसाला चिकटते कधी? जेव्हा एकाची घाण दुसऱ्याच्या नशिबी लिहिली जाते तेव्हा.

काझाजवळच्या एका गावात आम्ही हे बोलून पाहिले. घरच्या वयस्कर आमांनी आमची बादली त्यांच्या कोठीत ओतायला परवानगी दिली, पण आधी एकच प्रश्न विचारला, “दवाई तो नहीं डाली?” शहरी गाड्यांच्या संडासात वास मारण्यासाठी जे रसायन घालतात त्याने खत कुजत नाही आणि शेत बिघडते. आम्ही घरून लाकडाचा भुसा नेला होता, तोच वापरत होतो. आमांनी मान हलवली.

बादली उचलायची वेळ आली तेव्हा आमच्यातले दुसरे एक काका सवयीने उठले. त्यांची तीस वर्षे एका नगरपालिकेच्या सफाई खात्यात गेली आहेत. कुणी काही बोलायच्या आत त्यांनी बाह्या सरसावल्या होत्या. तेव्हा आमच्यातला कॉलेजात जाणारा पुतण्या पुढे झाला आणि म्हणाला, “काका, तुम्ही बसा. तुमची पाळी संपली.” त्या दिवशी बादली त्याने नेली. पुढच्या खेपेला बँकेत नोकरी करणाऱ्या गृहस्थांनी नेली, त्यानंतर वहिनींनी. काका बाजूला बसून चहा पीत होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढच्या सबंध प्रवासात त्यांची पाळी आम्ही येऊ दिली नाही.

राजगृहातल्या सुनीत भंग्याला भगवान बुद्धांनी संघात घेतले, ही कथा बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात सांगितली आहे. आपण ती मुलांना वाचून दाखवतो. सहलीत ती मुलांना डोळ्यांनी पाहायला मिळाली.

निघण्यापूर्वी

जून ते सप्टेंबर हा जाण्याचा काळ. पावसाळ्यात किन्नौरकडे दरडी कोसळतात, म्हणून सप्टेंबर बरा. हाताशी दोन दिवस जादा ठेवावेत, रस्ता बंद झाला तर घाई होत नाही. दोन-तीन कुटुंबांनी मिळून वर्षभर थोडे थोडे बाजूला टाकले तर खर्च आवाक्यात येतो. दमा, हृदयविकार, रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावे. लहान बाळाला आणि गरोदर भगिनींना नेऊ नये.

सामानाच्या यादीत लाकडाचा भुसा, हातमोजे, साबण आणि कचऱ्यासाठी जाड पिशव्या अवश्य लिहाव्यात. प्लॅस्टिक, डब्या, बॅटऱ्या जे काही वर नेले ते सगळे परत आणावे, कारण तिथे ते जिरवायला जागा नाही. आणि गाडी निघण्याआधीच घरातल्या सर्वांच्या पाळ्या कागदावर लिहून काढाव्यात. स्वयंपाकाच्या, पाणी भरण्याच्या आणि बादलीच्याही. स्त्रीची वेगळी, पुरुषाची वेगळी अशी यादी करू नये.