पोरं टोळीत का जातात? सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

सातारा-सांगलीत कोयत्याने हल्ला, खंडणी, टोळीयुद्ध अशी बातमी छापून आली, की तिच्यात बऱ्याचदा एक ओळ असते : ‘संशयितांमध्ये दोन विधिसंघर्षग्रस्त बालकांचा समावेश आहे.’ कायद्याच्या भाषेत ही अठरा वर्षांखालची मुलं. पारावर मात्र तोवर निकाल लागलेला असतो. त्यातले सहा नेहमीचे निकाल तपासून पाहू.

गैरसमज १ : ही पुण्या-मुंबईची लागण. रील्सनी पोरं बिघडली.

वस्तुस्थिती : रील्समुळे ऐट येते, टोळी उभी राहायला पैसा आणि वर बसलेला सज्ञान माणूस लागतो. हा पैसा आता तालुक्यापर्यंत आला आहे. मार्च २०२४ मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत आणि जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळच्या कार्वे एमआयडीसीत मेफेड्रोन म्हणजे एमडी बनवण्याचे कारखाने पोलिसांनी उघडकीला आणले. अशा धंद्यांना निरोप्ये, राखणदार आणि वसुलीवाले लागतात. ही खालची, सगळ्यात धोक्याची कामं पोरांच्या गळ्यात मारणं ही टोळ्यांची जगभरची रीत आहे.

शिवाय कृष्णाकाठाला टोळ्यांची ओळख मोबाइलने करून दिलेली नाही. बोरगावच्या बापू बिरू वाटेगावकरांच्या फरारीच्या कथा इथे पिढ्यान्‌पिढ्या रंगवून सांगितल्या जातात. त्यांनी जन्मठेप भोगली आणि नंतर ते प्रवचनांकडे वळले, हा भाग सांगताना गळतो.

गैरसमज २ : घर फुटलेलं, आईबापांचा पत्ता नाही, अशीच पोरं जातात.

वस्तुस्थिती : राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) आकडेवारीत वर्षानुवर्षं हेच दिसतं, की ताब्यात घेतलेली बहुसंख्य मुलं आईवडिलांसोबत राहणारी असतात, बेघर मुलं अगदी थोडी. आणि २०२२ मध्ये दर चारांतली तीनहून जास्त मुलं १६ ते १८ वयातली होती.

या वयाच्या उंबरठ्यावर काय होतं ते पाहा. शिक्षण हक्क कायद्याचं छत्र चौदाव्या वर्षी संपतं. नववीत गाडी अडते, शाळा सुटते, कामाला कोणी घेत नाही. घरात ‘तुझा काही उपयोग नाही’ हे रोज ऐकायला मिळतं. नेमका तेव्हाच चौकातला एखादा दादा गाडीत पेट्रोल टाकून देतो, बिर्याणी खाऊ घालतो, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर फोटो लावतो. कधी दुसऱ्या गटाच्या मारापासून वाचायला म्हणूनही पोरगं त्याच्या आडोशाला जातं. गरिबीने ही ओढ वाढते. पण गरीब घरातली बहुतेक मुलं या वाटेला जात नाहीत.

गैरसमज ३ : अल्पवयीन असला की सुटतो. निबंध लिहायचा, घरी जायचं.

वस्तुस्थिती : मे २०२४ मधल्या पुण्याच्या कल्याणीनगर अपघातात अल्पवयीन चालकाला निबंध लिहायला सांगून जामीन मिळाला, तेव्हा हा समज पक्का झाला. तीनशे शब्दांचा तो निबंध ही जामिनाची अट होती, शिक्षा नव्हती. बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे मुलाला २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करावं लागतं. पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. निरीक्षणगृहात ठेवता येतं. जामीन हा नियम असला तरी, सुटल्यावर मूल पुन्हा सराईतांच्या संगतीत जाईल असं मानायला आधार असेल, तर मंडळ तो नाकारू शकतं. दोष सिद्ध झाल्यास विशेष गृहात तीन वर्षांपर्यंत पाठवता येतं. किमान सात वर्षं शिक्षेच्या निर्घृण गुन्ह्यात मुलगा सोळा वर्षांपुढचा असेल, तर प्राथमिक मूल्यमापनानंतर त्याला सज्ञान मानून खटला चालू शकतो.

‘तू लहान हायस, तुला काय होत नाय’ हे वाक्य सगळ्यात जास्त कोण वापरतं? पोराच्या हातात कोयता देणारा. त्याला मात्र कायदा सोडत नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ८३ मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या सज्ञानाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड सांगतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ९५ त्याहून कडक आहे : तीन ते दहा वर्षं कैद, शिवाय गुन्हा घडलाच तर तो स्वतः केल्यासारखी शिक्षा.

गैरसमज ४ : चोप द्या, धिंड काढा, जेल दाखवून आणा. सुतासारखी सरळ होतील.

वस्तुस्थिती : जेल दाखवण्याचा प्रयोग अमेरिकेत झाला. न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात जन्मठेपेचे कैदी पोरांना दरडावून तुरुंगाची भीती घालत. अशा कार्यक्रमांच्या चाचण्या अँथनी पेट्रोसिनो आणि सहकाऱ्यांनी एकत्र तपासल्या, तेव्हा तुरुंग पाहून आलेल्या मुलांनी न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केल्याचं दिसलं.

पोराचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवण्याचंही तसंच. ओळख उघड करणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहेच. वर टोळीत त्या फोटोने पोराचा भाव वाढतो.

गैरसमज ५ : एकदा गेला तो गेला.

वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या दीर्घकालीन अभ्यासांत बहुतेक मुलं वर्ष-दोन वर्षांत टोळीतून बाहेर पडलेली दिसली. आपला कायदाही नवी सुरुवात मान्य करतो : सज्ञान म्हणून दोषी ठरलेला अपवाद सोडला, तर लहानपणीच्या गुन्ह्यामुळे पुढे कोणतीही अपात्रता चिकटत नाही.

गैरसमज ६ : गुन्हा घडेपर्यंत हातात काही नसतं.

वस्तुस्थिती : अमली पदार्थांच्या जाळ्यात ओढलं जाण्याची शक्यता असलेलं मूल कायद्याने ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं’ ठरतं. त्याला बाल कल्याण समितीपुढे नेता येतं, तेही गुन्ह्याचा डाग न लागता. जिल्हा बाल संरक्षण कक्ष, प्रत्येक पोलीस ठाण्यातला बाल कल्याण पोलीस अधिकारी आणि १०९८ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

त्याआधीचं काम गावाचं. तालमीत वस्ताद असतो. पोरगं दोन दिवस दिसलं नाही, की घरी निरोप जातो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, तेव्हा सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहिली, राबली आणि शिकली. राहायला जागा, हाताला काम आणि विचारपूस करणारा मोठा माणूस या तिन्ही गोष्टी टोळीवाला दादाही देतो. फक्त किंमत नंतर वसूल करतो. नववी-दहावीत नापास झालेल्यांना त्याच महिन्यात आयटीआय, शाळेबाहेरून परीक्षेला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म किंवा तालीम दाखवणारं कोणी असलं, तर दादाचं निम्मं काम अडतं.

शाळेला दांड्या, दुसरं सिमकार्ड, रात्री उशिरा येणारे फोन, हिशेब न लागणारा नवा मोबाइल ही लक्षणं दिसली, की पोराला बदडण्याआधी एक शोध घ्यावा : याच्यावर खर्च कोण करतंय? उत्तर बहुधा एका सज्ञान माणसाच्या नावापाशी थांबतं. पोलिसांना कळवायचं ते हे नाव.