पाय गार

सकाळी ८. मंगरुळपीर. सोयाबीनची सोंगणी सुरू आहे, म्हणजे ओपीडीत विळ्याच्या जखमा जास्त.

९.४०. मुलगा बापाला उचलूनच आणतो. "रात्रीपासून गॅस झाला बाबाले." कुणीतरी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवलेली. आधीच पडलेला बीपी त्या गोळीने आणखी पडतो. ८०/५०. मी पावलांना हात लावतो. घोट्यापर्यंत गार, ओलसर. नख दाबून सोडलं, तर रंग परतायला पाच सेकंद. हृदय रक्त ढकलत नाहीये, हे ईसीजीच्या आधी पाय सांगतात. यालाच कार्डियोजेनिक शॉक म्हणतात.

९.५५. ईसीजीत पुढच्या भिंतीला मोठा झटका. ॲस्पिरिन चघळायला, टेनेक्टेप्लेस, नॉरॲड्रेनॅलिनचा पंप. नागपूरला फोन. तिकडून उत्तर: "एक्मो लागेल, कदाचित इम्पेलाही."

१०.२०. मुलाला समजावतो. एक्मो रक्त बाहेर काढतं, ऑक्सिजन मिसळतं आणि मांडीच्या धमनीतून परत वर ढकलतं. पण हा प्रवाह उलटा. थकलेला डावा कप्पा त्याच्याविरुद्ध रिकामा होत नाही, फुगतो. फुप्फुसात पाणी साचतं.

"उलटं पाणी सोडलं तं धुरा फुटनच," तो म्हणतो.

मला इतकं सोपं सुचलं नसतं. म्हणूनच दुसरी मोटार, खुद्द फुगवट्यात. इम्पेला मांडीतूनच झडपेपलीकडे जाते आणि कप्प्यातलं रक्त महाधमनीत ओतते. खर्च लाखांत, हेही सांगावंच लागतं.

१०.४५. एकशे आठ निघते. शेलूबाजारहून समृद्धी. डिसेंबर २०२२ पूर्वी हा रस्ता नव्हता.

२.३०. डबा उघडतो, डोकं तिकडेच. २०२३ च्या मोठ्या चाचणीत शॉकच्या रुग्णांना सरसकट एक्मो लावून मृत्यू घटले नाहीत. २०२४ मध्ये, निवडक रुग्णांत, इम्पेलाने १८० दिवसांतले मृत्यू ५८.५ टक्क्यांवरून ४५.८ वर आणले. पण रक्तस्राव वाढला, पायाचा रक्तपुरवठाही अडला. दोन्ही एकत्र लावण्यामागे तर्क पक्का, पुरावा अजून तितका नाही. तरी माझ्या बापाला मी लावून घेतली असती.

६.१०. फोन. अँजिओप्लास्टी झाली, उजव्या मांडीतून एक्मो सुरू. इम्पेलासाठी पैशांची जुळवाजुळव चालू.

"पाय कोमट आहेत?"

"डावा आहे, सर."