देवळा ते दिल्ली : हवाई अंतर आणि विमानाची वेळ

दोन गावांमधले हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर. रस्त्याचे अंतर त्याहून किती जास्त भरेल, हे मधल्या भूगोलावर ठरते. देवळा ते नाशिक सरळ रेषेत सुमारे 65 किलोमीटर, रस्त्याने मात्र 75 च्या पुढे. मध्ये सातमाळेची रांग आडवी पडते. गाडीला भावडबारीचा घाट ओलांडून सोग्रस फाट्यावर मुंबई-आग्रा महामार्ग गाठावा लागतो.

इंटरनेटवरच्या अंतरमोजणीला घाट आणि फाटा ठाऊक नसतात. देवळा ते दिल्ली अशी साडेनऊशे किलोमीटरची रेघ ओढायची, विमानाच्या ताशी 800 किलोमीटर वेगाने भागायचे आणि ‘सव्वा तास’ असे उत्तर द्यायचे, एवढाच तो हिशेब. देवळ्याला विमानतळच नाही, याचीही त्याला दखल नसते. जवळचा विमानतळ ओझरचा, तोही साधारण साठ किलोमीटरवर.

ओझर ते दिल्ली हवाई अंतर सुमारे 990 किलोमीटर. भागाकाराने सव्वा तास येतो, पण वेळापत्रकात दोन तासांच्या आसपास वेळ दिलेली असते. म्हणून विमान रेंगाळते, असा समज होतो. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलते तेव्हापासून दिल्लीत जागेवर उभे राहते तोवरची असते. त्यात धावपट्टीपर्यंतची संथ चाल येते, दहा-अकरा किलोमीटर उंची गाठायला लागणारी वीसेक मिनिटे येतात, उतरण्याआधी कमी केलेला वेग येतो आणि गर्दीच्या विमानतळावर आकाशात घातलेल्या घिरट्याही येतात. शिवाय मार्ग सरळ रेघेत नसतो; ठरवून दिलेल्या हवाई मार्गांनीच जावे लागते. अंतर जितके कमी, तितका या ठरलेल्या वेळेचा वाटा मोठा. त्यामुळे अंतर निम्मे झाले म्हणून वेळ निम्मी होत नाही.

जाण्या-येण्याची वेळ वेगळी का, याचे एक चुकीचे उत्तर फार रुजले आहे : पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेचे गाव आपणहून जवळ येते. तसे असते तर मुंबईहून लंडनला लवकर पोहोचता आले असते. प्रत्यक्षात जातानाच जास्त वेळ लागतो आणि परतताना कमी. हवा पृथ्वीबरोबरच फिरते, तिच्यासोबत विमानही. फरक पडतो तो उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांमुळे. एअर इंडियाने ऑक्टोबर 2016 मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. मार्ग सुमारे 1,400 किलोमीटरने वाढून 15,300 किलोमीटर झाला, तरी वारा पाठीशी असल्याने विमान साडेचौदा तासांत पोहोचले. लांबचा रस्ता लवकरचा ठरला.

उलटही घडते. 2019 मध्ये बालाकोटच्या कारवाईनंतर पाकिस्तानने आपले आकाश जुलैपर्यंत बंद ठेवले, तेव्हा भारतातून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांना वळसा पडला. हवाई अंतर एक मीटरनेही बदलले नव्हते.

परदेशी तिकिटावर आणखी एक फसगत होते. मुंबईहून दुपारी 4 ला सुटलेले विमान दुबईला साडेपाचला पोहोचेल असे दिसते आणि दीड तासाचाच प्रवास वाटतो. दोन्ही वेळा आपापल्या ठिकाणच्या असतात. दुबईचे घड्याळ भारतापेक्षा दीड तास मागे आहे, म्हणजे प्रवास तीन तासांचा. परतीच्या तिकिटावर हाच प्रवास साडेचार तासांचा दिसतो.

ओझरहून दिल्लीचे विमान पकडणाऱ्या देवळेकराने म्हणूनच तो सव्वा तास विसरावा आणि हिशेब उलटा मांडावा : देशांतर्गत विमानासाठी सामान घेणारा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, त्याच्याही आधी घाट आणि महामार्गाचा वेळ धरावा लागतो.