पहिली ट्रायथलॉन : जे कच्चं आहे, तिथून सुरुवात



वर्गात आपण मुलांना रोज सांगतो, "जो विषय कच्चा आहे त्याला आधी वेळ द्या." पण स्वतः काही नवीन शिकायची वेळ आली की आपण बरोबर उलटं करतो. जे जमतं तेच करत बसतो. ट्रायथलॉनची तयारी करताना ही सवय लगेच उघडी पडते. म्हणून आजचा पाठ आपल्यासाठी, मोठ्यांसाठी.

ट्रायथलॉन म्हणजे काय?

आधी पोहणे, मग सायकल, शेवटी धावणे. तिन्ही एकापाठोपाठ, आणि घड्याळ मध्ये थांबत नाही. आधुनिक ट्रायथलॉनची पहिली स्पर्धा 25 सप्टेंबर 1974 रोजी अमेरिकेतील सॅन दिएगो येथे झाली. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकपासून हा ऑलिंपिक खेळ आहे. तिथलं अंतर 1.5 किमी पोहणे, 40 किमी सायकल आणि 10 किमी धावणे.

2019 मध्ये गोव्यात 'आयर्नमॅन 70.3' झाली आणि आपल्याकडेही या खेळाची चर्चा वाढली. 70.3 म्हणजे तिन्ही अंतरांची मैलांत बेरीज. पण तो पुढच्या इयत्तेचा अभ्यास झाला! नवशिक्यासाठी स्प्रिंट प्रकार बरा : 750 मीटर पोहणे, 20 किमी सायकल, 5 किमी धावणे.

आधी गणित मांडू

समजा, तुम्ही सावकाश पोहता. 100 मीटरला अडीच मिनिटे, म्हणजे 750 मीटरला साधारण 19 मिनिटे. सायकल ताशी 20 किमी वेगाने, म्हणजे 60 मिनिटे. धावणे किलोमीटरला 7 मिनिटे, म्हणजे 35 मिनिटे. कपडे-बूट बदलायला 6 मिनिटे. एकूण 120 मिनिटे, बरोबर दोन तास. (हे उदाहरण सातवी-आठवीच्या वर्गात जरूर द्या. सायकलचा वेग 24 केला तर किती वेळ वाचेल?)

आता यात पोहण्याचा वाटा बघा, जेमतेम एक-षष्ठांश. म्हणून पुष्कळजण म्हणतात, "पोहण्याचं बघू नंतर." इथेच चूक होते. सायकलवर दमलात तर पाय टेकता येतो, धावताना दमलात तर चालता येतं. पाण्यात पाय टेकायला जमीन नसते. गुण कमी असले तरी नापास होणं परवडणार नाही असा हा एकच पेपर आहे.

पोहणे : सर्वांत जास्त वेळ इथे

आपल्यापैकी अनेकजण गावच्या विहिरीत, पाठीला डबा किंवा भोपळा बांधून शिकलेले. तरंगता येतं, भीती नाही, हे मोठं भांडवल आहे. पण सलग 750 मीटर, म्हणजे 25 मीटरच्या टँकची 30 अंतरं, हे वेगळं काम आहे.

दम लागतो तो बहुधा श्वास रोखून धरल्यामुळे. तोंड पाण्यात असताना नाकातोंडाने हळूहळू श्वास सोडत राहा, म्हणजे वर आल्यावर फक्त घ्यायचा उरतो. सुरुवातीला 25 मीटर पोहा, थांबा, पुन्हा 25 मीटर. मग थांबणं कमी करत जा. पद्धत कोणतीही चालते. ब्रेस्टस्ट्रोकनेही स्पर्धा पूर्ण करता येते.

तलावात किंवा समुद्रात तळाची रेघ दिसत नाही, म्हणून दर सात-आठ हातांनंतर डोळे वर काढून दिशा बघायची सवय लावा. घाबरायला झालं तर पाठीवर उताणं व्हा आणि श्वास जागेवर येऊ द्या. सुरक्षा नौकेला धरून दम घ्यायलाही साधारणपणे परवानगी असते. तिला धरून पुढे सरकायचं मात्र नाही. आणि एक गोष्ट ठाम : मोकळ्या पाण्यात एकट्याने सराव कधीच नाही.

सायकल आणि धावणे

महागडी सायकल लागत नाही. ब्रेक, टायर, चेन ठीक असलेली घरची सायकल पुरे. सीटची उंची अशी ठेवा की पॅडल खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ होईल. हेल्मेट सक्तीचं. सायकलला हात लावण्याआधी त्याचा पट्टा लावायचा, हा नियमच आहे.

सायकलवरून उतरून धावायला लागलात की पाय लाकडाचे झाल्यासारखे वाटतात. हा आजार नाही, सवय नसणं आहे. म्हणून आठवड्यातून एकदा सायकल झाल्यावर लगेच दहा मिनिटे धावा. वेग किती? शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच.

बारा आठवड्यांचं वेळापत्रक

शाळा आणि घर सांभाळून आठवड्याला चार-पाच तास काढा.

• पोहणे : तीन वेळा
• सायकल : दोन वेळा, त्यातल्या एकदा लगेच धावणे
• फक्त धावणे : एकदा
• एक दिवस पूर्ण विश्रांती

दर चौथा आठवडा हलका ठेवा. शेवटच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणा. मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा त्रास असेल किंवा चाळिशी ओलांडली असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबा. उन्हाळ्यात सराव सूर्य चढण्याआधी उरका. स्पर्धेच्या दिवशी नवे बूट नाहीत, नवा खाऊही नाही.

कपडे-बूट बदलायचा सराव अंगणात करा. टॉवेल अंथरा, त्यावर हेल्मेट, बूट, पाणी क्रमाने मांडा आणि घड्याळ मुलांच्या हातात द्या. बघा किती आनंदाने तुमच्या चुका काढतात!

शेवटी एवढंच. तीन महिने तुम्ही टँकच्या उथळ बाजूला, कदाचित दहा वर्षांच्या मुलांशेजारी, नाकात पाणी जाऊन खोकत उभे असाल. त्या दिवसांनंतर वर्गात भागाकार अडलेल्या मुलाकडे तुम्ही जरा वेगळ्या नजरेने बघाल. पहिल्या स्पर्धेत क्रमांक बघू नका. सुखरूप पाण्याबाहेर या आणि हसत शेवटची रेषा ओलांडा, म्हणजे पास.

चला तर मग, उद्या सकाळी टँकवर!